बस कुठे थांबणार नाही

नकाशावर रेष ओढायला अर्धं मिनिट पुरतं. आमच्या टेबलावर ती ओढूनच आली होती: शहराच्या पूर्व टोकापासून पश्चिम टोकापर्यंत, लाल शाईने, वाटेतल्या नदीला आणि रेल्वेच्या रुळांना न जुमानता. खाली शेरा, 'या पट्ट्यात जलद बससेवेची शक्यता तपासून प्रस्ताव सादर करावा.' शहराच्या बस-उपक्रमाच्या नियोजन विभागात मी काम करते, त्यामुळे ते तपासणं माझ्या आणि माझ्या सहकाऱ्यांच्या वाट्याला आलं.

त्या पट्ट्यात बस नव्हती असं नाही. एक जुना लांबलचक मार्ग होता, दर तीन-चारशे मीटरवर थांबणारा. पण एका टोकाला चढून दुसऱ्या टोकाला उतरणारा प्रवासी त्यात शोधून सापडला नसता. चार-पाच थांबे जाणाऱ्यांची ती बस होती. लांब जाणारे मध्येच उतरून दुसरी बस धरत, नाहीतर सरळ दुचाकी काढत.

पहिल्या बैठकीत बोलणं झालं ते गाड्यांबद्दल. वातानुकूलित हव्यात का, रंग कोणता, दारं किती. वेगाचा विषय निघाला की सगळे इंजिनाबद्दल बोलायचे. मला त्याचं नवल वाटत नाही, कारण गाडी डोळ्यांना दिसते आणि वेळापत्रक दिसत नाही. पण भर शहरात बसला पळायला रस्ता मिळतो किती? बस उभी किती वेळ असते, कुठे असते आणि कशामुळे असते, हे कळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता.

आकडे आमच्याकडे ढिगाने होते. तिकीट-यंत्रं रोज रात्री डेपोत सगळा हिशेब ओततात. त्यातून कुठल्या टप्प्यापासून कुठल्या टप्प्यापर्यंत तिकीट फाडलं गेलं ते समजतं. पण पासवाला त्यात दिसत नाही. दोन बस बदलून जाणारा एकच माणूस दोन माणसं म्हणून दिसतो. ज्यांच्याकडे कार्ड असतं ते चढताना यंत्राला लावतात, उतरताना नाही. मग ते उतरले कुठे, हे अंदाजाने ठरवावं लागतं: पुढच्या वेळी जिथे चढले, त्याच्या आसपासच आधी उतरले असणार, असं धरायचं. जगभर अनेक शहरांत हीच युक्ती वापरतात आणि बऱ्याच अंशी ती चालते. पण संध्याकाळी कुणाच्या गाडीवर मागे बसून घरी गेलेला माणूस या हिशेबात सकाळच्या बसमधून कधी उतरतच नाही.

याहून मोठी अडचण वेगळी होती. तिकिटांचे आकडे सांगतात ते फक्त आजची सेवा सोसणाऱ्यांबद्दल. दोन तास लागतात म्हणून ज्याने ती नोकरीच घेतली नाही, त्याची नोंद कुठल्याच यंत्रात नसते. त्याच्यासाठी आम्ही घरं कुठे दाट आहेत, कामाच्या जागा कुठे आहेत, कॉलेजं आणि दवाखाने कुठे आहेत, हे नकाशावर मांडलं आणि तिकिटांच्या चित्राशी ताडून पाहिलं. जिथे दोन्ही चित्रं जुळत नव्हती तिथे मला जास्त रस होता. पश्चिमेच्या टोकाला कामाच्या जागा भरपूर होत्या आणि पूर्वेकडून तिथे जाणारी तिकिटं नगण्य. वरिष्ठांचा निष्कर्ष, मागणी नाही. माझा निष्कर्ष, जायची सोय नाही. हा वाद कागदावर मिटणारा नव्हता.

त्यानंतर आम्ही जुन्या बसमध्ये बसून फिरायला लागलो. हातात तक्ता, घड्याळ, आणि दोन्ही दारांशी एकेक माणूस. थांब्यावर चाक थांबलं कधी, दार उघडलं कधी, चढले किती, उतरले किती, दार बंद कधी झालं आणि बस पुन्हा रहदारीत घुसली कधी, असे रकाने. हे काम कंटाळवाणं आहे. आता उपग्रहाधारित यंत्र बसची जागा सतत सांगत असतं, पण बस उभी का आहे ते त्याला कळत नाही. समोर रिक्षा आडवी आहे, की सिग्नल लाल आहे, की पायरीवर आजीबाई गाठोडं वर घेताहेत, हे शेजारी बसलेल्या माणसालाच दिसतं.

तक्ते जुळवल्यावर प्रवासाचे चार तुकडे पडले: चालता वेळ, सिग्नलचा वेळ, दारातला वेळ, आणि चौथा तुकडा, ज्याला आमच्या वेळापत्रकात नावच नव्हतं. बस थांब्यासाठी वेग कमी करते, बाजूला घेते, दारं उघडते-मिटते, मग रहदारीत शिरायला फट शोधते आणि पुन्हा वेग घेते. एकही माणूस चढला-उतरला नाही तरी एवढ्यात सहज वीसेक सेकंद जातात.

इथे एक गोष्ट लोकांच्या लवकर लक्षात येत नाही, नियोजनातल्या लोकांच्यासुद्धा. थांबा गाळला म्हणून तिथल्या प्रवाशांचा दारातला वेळ वाचत नाही. ती माणसं पुढच्या-मागच्या थांब्यावर चढतात आणि तो वेळ तिथे लागतोच. वाचतो तो चौथा तुकडा. समजा मार्ग ३० किलोमीटरचा आहे. दर ४०० मीटरवर थांबा म्हणजे सुमारे ७५ थांबे. दर दीड किलोमीटरला थांबायचं तर २०. गाळलेले ५५ थांबे, प्रत्येकी २० सेकंद, म्हणजे सुमारे १८ मिनिटं. गाडी तीच, रस्ता तोच, चालक तोच.

लॉस एंजेलिसमध्ये जून २००० मध्ये मेट्रो रॅपिड नावाने दोन मार्ग सुरू झाले, एक विल्शायर-व्हिटियर आणि दुसरा व्हेंचुरा रस्त्यावरून. बससाठी वेगळी मार्गिका बहुतांशी नव्हतीच. थांबे कमी केले, साधारण सव्वा-सव्वा किलोमीटरवर नेले, सिग्नलला बससाठी थोडं झुकतं माप दिलं, बसला लाल रंग दिला. पहिल्या मार्गावर वेग सुमारे २९ टक्क्यांनी आणि दुसऱ्यावर सुमारे २३ टक्क्यांनी वाढला. सिग्नलचा वाटा त्यात साधारण एक तृतीयांश होता. 'खर्च न करता काय होऊ शकतं?' असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हे उदाहरण दिलं आणि मला ते अनेकदा द्यावं लागलं.

थांबे निवडायला सुरुवात केली आणि कामाचा खरा रंग दिसला. आधी आम्ही भोळेपणाने सर्वांत जास्त चढ-उतार असलेले थांबे वरून खाली मोजत गेलो. त्यात शहराच्या मध्यभागातले एकमेकांना लागून असलेले पाच थांबे आले आणि पूर्वेकडची आख्खी वस्ती गळाली. मग अंतराचा नियम लावला, तर एक थांबा पुलाच्या बरोबर मध्यावर येऊन बसला.

शेवटी आम्ही प्रवासी-मिनिटांचा हिशेब धरला. बसमध्ये पुढे जाणारे ५० जण आहेत आणि एका थांब्यासाठी २० सेकंद जातात, म्हणजे त्या सगळ्यांची मिळून साधारण १७ मिनिटं. तिथे उतरणाऱ्या प्रत्येकाची पाच मिनिटांची पायपीट वाचते. तिघे उतरले तर वाचतात १५ मिनिटं, चौघे उतरले तर २०. चौथ्या माणसाला थांबा परवडतो. आता हाच हिशेब मार्गाच्या टोकाजवळ लावा. बसमध्ये दहाच जण उरलेत, थांबण्याचा एकूण तोटा साडेतीन मिनिटांचाही नाही, तिथे एका माणसासाठी थांबलं तरी फायदा. म्हणजे जलद बसने टोकांना दाट थांबावं आणि जिथे ती खच्चून भरलेली असते तिथे कमी. मध्यभागात जास्त थांबावं, कारण तिथे लोक जास्त, असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही उत्तर इतकं उलटं येईल असं वाटलं नव्हतं. अर्थात मध्यभागात चढणारे-उतरणारेही चारच्या कितीतरी पट असतात, त्यामुळे तिथले मोठे थांबे राहिलेच. गळाले ते मोठ्यांच्या मधले.

पाच मिनिटांची पायपीट हा आकडाही जपून वापरायचा असतो. मिनिटाला ८० मीटर हा धडधाकट माणसाचा वेग आहे. ४०० मीटर म्हणजे पाच मिनिटं हे त्यावरून येतं. नकाशावर थांब्याभोवती ४०० मीटरचं वर्तुळ काढलं की आतली सगळी घरं सोयीची वाटतात. आम्ही काही वर्तुळं पायी तुडवली. एका वर्तुळाचा निम्मा भाग रुळांच्या पलीकडे होता आणि पादचारी पूल जवळपास कुठेच नव्हता. दुसऱ्यात एका संस्थेची लांबच लांब भिंत. तिसऱ्यात रस्ता ओलांडायला सिग्नल नाही, आणि सहा पदरी रहदारी. शिवाय चालण्याचं किंवा ताटकळण्याचं मिनिट प्रवाशाला बसमधल्या मिनिटापेक्षा जवळजवळ दुप्पट जड जातं, असं या क्षेत्रात सर्रास धरलं जातं. ते वजन लावल्यावर यादीत गाळलेले काही थांबे परत आले, आणि माझ्या मते ते यायलाच हवे होते.

मग यादी बाहेर गेली.

लोकांशी आणि लोकप्रतिनिधींशी झालेल्या बैठकांबद्दल मी तक्रार करणार नाही; आपल्या भागाला थांबा मागणं हे त्यांचं कामच आहे. प्रत्येकाचं म्हणणं एकच, 'बाकीचं तुम्ही ठरवा मॅडम, आमचा एक थांबा तेवढा घ्या.' प्रत्येक मागणी एकेकटी पाहिली तर रास्त. बाजार आहे, शाळा आहे, उतारवयाच्या लोकांची वसाहत आहे. सगळ्या मान्य केल्या असत्या तर जुनीच बस नवा रंग लावून धावली असती. आम्ही प्रत्येक बैठकीत एकच तक्ता दाखवायचो: तुमच्या थांब्यावर उतरतील इतके, आणि त्यासाठी आत बसलेल्यांची जातील इतकी मिनिटं. काही ठिकाणी लोकांनी स्वतःच मागणी मागे घेतली, कारण त्यांच्यातलेच काहीजण त्या बसमध्ये आत बसणार होते. काही ठिकाणी तक्त्याकडे कुणी पाहिलंही नाही.

एका मोठ्या रुग्णालयाजवळचा थांबा हिशेबात बसत नव्हता. बस बदलायच्या मोठ्या नाक्यापासून तो फार तर सहा-सात मिनिटांवर. मी तो गाळण्याच्या बाजूने होते. सहकारी म्हणाला, 'तुझ्या तक्त्यात तो माणूस मिनिटाला ८० मीटर चालतोय. डायलिसिस करून आलेला कसा चालेल?' थांबा राहिला. हिशेबाबाहेरचा हा एकच थांबा आम्ही आमच्या मनाने घेतला आणि तो घेतल्याबद्दल कुणी आम्हाला कधी जाब विचारला नाही. न घेतलेल्यांबद्दल मात्र आजही विचारतात.

थांबा ठरला म्हणजे तो नक्की कुठे, हे पुन्हा वेगळंच प्रकरण. सिग्नलच्या अलीकडे की पलीकडे? जुने बहुतेक थांबे अलीकडे होते. त्यात व्हायचं असं, की हिरवा असताना बस माणसं घेत उभी, आणि दार मिटेपर्यंत लाल. थांबा पलीकडे नेला तर बस हिरव्यात चौक ओलांडून मग थांबते. सिग्नलने बसला सवलत द्यायची असेल तर पलीकडचा थांबा जवळजवळ अटच असते, कारण अलीकडे थांबलेली बस नेमकी कधी निघेल हे सिग्नलच्या यंत्राला सांगता येत नाही. सवलत म्हणजे फार काही नाही. बस जवळ आली असेल तर हिरवा काही सेकंद लांबवायचा किंवा लाल थोडा लवकर संपवायचा. आडव्या रस्त्यावरची रहदारी खोळंबेल म्हणून सुरुवातीला विरोध झाला. मग एकेका चौकात मोजून दाखवल्यावर काही चौक मिळाले, काही नाही.

स्वतंत्र मार्गिका मागितली होती, ती मिळाली नाही. मिळावी असं मला वाटत होतं, पण नुसती रंगवलेली मार्गिका काय कामाची, हेही माहीत होतं. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद ही बसमार्गिका २००८ मध्ये सुरू झाली आणि २०१६ मध्ये उखडली गेली. वाहनं चालवणाऱ्यांचा तिला कडाडून विरोध होता, ते प्रकरण न्यायालयातही गेलं होतं. दुसऱ्या बाजूला कोलंबियातल्या बोगोटाची ट्रान्समिलेनिओ ही बससेवा. डिसेंबर २००० मध्ये एन्रिके पेन्यालोसा महापौर असताना ती सुरू झाली, आणि तिच्या स्थानकांवर थांबलेल्या बसला ओलांडून जायला दुसरी मार्गिका आहे, म्हणून तिथल्या जलद बस मधली स्थानकं गाळून सुसाट जातात. आम्हाला मिळाल्या त्या काही चौकांच्या तोंडाशी छोट्या पट्ट्या, रांगेच्या पुढे जाऊन उभं राहण्यापुरत्या. तेवढ्यानेही त्या चौकांत फरक पडतो. मागणी मात्र आम्ही फायलीत जिवंत ठेवली आहे.

ओलांडण्याच्या प्रश्नाने आम्हाला वेगळ्या तऱ्हेने छळलं. जलद बस आणि जुन्या मार्गावरची साधी बस एकाच थांब्यावर येणार. साधी पुढे उभी असली तर जलद तिच्या मागे अडकणार, आणि मग तिचा सगळा जलदपणा पुढच्या बसच्या दारात. मोठ्या थांब्यांची लांबी वाढवून दोन बस पुढे-मागे उभ्या राहतील आणि मागची आधी निघू शकेल, अशी जागा करावी लागली. ब्राझीलमधल्या कुरिचिबात १९९१ मध्ये नळीच्या आकाराच्या स्थानकांसह 'लिजेइरिन्यो' नावाच्या चंदेरी जलद बस सुरू केल्या, तेव्हा त्या बसमार्गिकांच्या मुख्य रस्त्यांवर न घालता इतर समांतर रस्त्यांवरून नेल्या. आम्हीही थोड्या भागात समांतर रस्ता पाहिला. नकाशावर तो रिकामा होता. दुपारी पाहिला तेव्हाही रिकामा. मग एका जुन्या चालकाला विचारलं.

'मॅडम, संध्याकाळी सहाला या, मग बोलू,' ते म्हणाले. गेलो. एक बाजू शिकवणीला आलेल्या मुलांच्या दुचाक्यांनी भरलेली, दुसरी बाजू त्यांना न्यायला आलेल्या गाड्यांनी. बारा मीटरच्या बसला तिथे वळायचं तर निम्मा चौक रिकामा करावा लागला असता. तो रस्ता सोडला. त्यानंतर चालकांना प्रस्ताव संपल्यावर दाखवायचा नाही, सुरू करतानाच विचारायचं, असं आम्ही ठरवलं. रिकामी बस घेऊन चाचणी घेतली तेव्हा त्यांनीच दाखवलं, कुठली फांदी आरशाला लागते, कुठल्या गतिरोधकाला गाडीचा पोटाकडचा भाग घासेल, कुठल्या वळणावर मागचं चाक पदपथावर चढतं. आणि टोकाच्या स्थानकांवर स्वच्छतागृह आहे का, हे त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं. पश्चिमेच्या टोकाला नव्हतं. दीड तासाहून लांब फेरी करून आलेल्या चालकाने आणि महिला वाहकाने जायचं कुठे? हा मुद्दा प्रस्तावात आल्यावर एकाने विचारलं, की याचा मार्गनियोजनाशी काय संबंध. संबंध असा, की जिथे सोय नसते तिथे लोक सोय असेल तिथे बस थांबवतात, आणि वेळापत्रक तिथेच मोडतं.

वेळापत्रक हा माझा आवडता भाग, म्हणून जरा सविस्तर सांगते.

फेरीला सरासरी किती वेळ लागतो हे काढून तेवढाच वेळ दिला, तर साधारण निम्म्या फेऱ्या उशिरा पोहोचणार. जास्तीत जास्त लागलेला वेळ दिला, तर सकाळी साडेसहाला बस रिकाम्या रस्त्यावर रखडत जाणार, कारण वेळेआधी पोहोचणं हाही गुन्हाच. उशिरा आलेल्या बसची वाट पाहता येते. वेळेआधी निघून गेलेल्या बसचं काय करणार? म्हणून दिवसाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला वेगळा वेळ द्यायचा, आणि टोकाला थोडी विसावणी ठेवायची. त्या विसावणीत चालकाला दोन घोट पाणी मिळतं आणि आधीच्या फेरीचा उशीर पुढच्या फेरीत जात नाही. शंभरातल्या ८५-९० फेऱ्या एवढ्यात बसाव्यात, असा आमचा बेत होता.

आता गाड्या. समजा एका बाजूला ९५ मिनिटं आणि प्रत्येक टोकाला १५ मिनिटं विसावणी. एक बस पुन्हा मूळ जागी यायला २२० मिनिटं. दर दहा मिनिटांनी बस हवी तर २२ गाड्या. दोन्ही बाजूंना तीन-तीनच मिनिटं वाढली की चक्र २२६ चं होतं, ते २२ गाड्यांत बसत नाही. तेविसावी लागते, तिचे चालक-वाहक लागतात, आणि डेपोत उभी ठेवायची राखीव गाडी वेगळी. उलट, साध्या बसला हेच अंतर १२० मिनिटांचं असेल तर चक्र २७० चं आणि गाड्या २७. म्हणजे जलद बस तेवढीच वारंवारता पाच गाड्या कमी घेऊन देते. लेखा विभागाला मी प्रवाशांच्या सोयीबद्दल एक शब्द बोलले नाही. हे एवढंच गणित दाखवलं आणि त्यांनी फाईल पुढे पाठवली.

दहा मिनिटांच्या अंतराचा हट्ट का, असं विचारलं गेलं. पंधरा चालणार नाही का? दहा-बारा मिनिटांपर्यंत लोक वेळापत्रक न पाहता थांब्यावर येतात. त्याच्या पुढे घड्याळ पाहून येतात, आणि मग बस चुकली की प्रवासच बदलतात. पण बस खरोखर दहा-दहा मिनिटांनी आली तरच याला अर्थ. एखादी बस थोडी मागे पडली की तिच्यासाठी थांब्यावर जास्त माणसं जमतात, ती चढवायला जास्त वेळ जातो, ती आणखी मागे पडते. मागच्या बसला माणसंच उरत नाहीत, ती पुढे सरकते आणि पहिलीला येऊन चिकटते. न्यूएल आणि पॉट्स या अभ्यासकांनी १९६४ मध्ये हे गणिताने मांडलं होतं, आणि जगातल्या कुठल्याही थांब्यावर ते रोज सिद्ध होतं. बस नीट आल्या तर सरासरी थांबणं पाच मिनिटांचं. जोडीजोडीने आल्या तर जोड्यांमधलं अंतर वीस मिनिटं आणि सरासरी थांबणं दहा मिनिटांचं. गाड्या तेवढ्याच, चालक तेवढेच, कागदावर वारंवारताही तीच. वाटेतल्या दोन मोठ्या नाक्यांवर आम्ही नियंत्रक उभे केले. पुढची बस किती मिनिटांपूर्वी गेली ते पाहून मागची मिनिटभर रोखायची, एवढंच त्यांचं काम. रोखलेल्या बसमधले लोक चिडतात. त्यांचं चिडणंही बरोबर आहे.

तिकिटाचा दर जलद बसला जास्त असावा, असा एक प्रस्ताव होता. मी त्याच्या विरोधात होते. दर सारखा असेल तर मोठ्या थांब्यावर उभा असलेला माणूस जी बस आधी येईल ती घेतो, आणि त्याला दोन्ही बसची वारंवारता मिळते. दर वेगळा केला की एकाच थांब्यावर दोन रांगा होतात. लंडनमध्ये २०२३ पासून शहराच्या बाहेरच्या भागांना जोडणारं 'सुपरलूप' हे जलद बसचं जाळं उभं राहिलं, तिथेही भाडं साध्या बसचंच आहे. त्यातले काही मार्ग तर आधीपासून जलद म्हणून धावतच होते. त्यांना नवे क्रमांक मिळाले आणि ते एका नकाशावर आले. आमच्याकडेही दर सारखा राहिला. या बाबतीत मी जिंकले.

हरले ते साध्या बसबद्दल. नव्या गाड्या सगळ्या मिळणार नाहीत हे कळल्यावर जुन्या मार्गाच्या काही गाड्या जलद मार्गाला वळवायचं ठरलं. जुन्या मार्गावर दहाऐवजी पंधरा मिनिटांनी बस. कागदावर त्या पट्ट्यातल्या एकूण फेऱ्या वाढल्या होत्या आणि सादरीकरणात तोच आकडा मोठ्या अक्षरांत होता. पण जलद बस ज्यांच्या थांब्यावर थांबत नाही, त्यांच्यासाठी सेवा सरळ सरळ कमी झाली होती. त्यात गुडघे दुखणारे होते, कडेवर मूल घेतलेल्या बायका होत्या, दोनच थांबे जाणारे होते. मी लेखी मत नोंदवलं. ते फायलीत आहे.

जलद बस सुरू झाली तेव्हा आठवडाभर आम्ही सगळे रस्त्यावर होतो. दक्षिण कोरियातल्या सोल शहराने १ जुलै २००४ ला सगळी बसव्यवस्था एकदम बदलली, तेव्हा बसना कामाप्रमाणे रंग दिले होते: मुख्य मार्गांना निळा, जोडमार्गांना हिरवा, उपनगरांतून येणाऱ्या जलद बसना लाल, मध्यभागात फिरणाऱ्यांना पिवळा. आमच्याकडे रंगाची चर्चा सर्वांत आधी सुरू झाली होती आणि सर्वांत शेवटी संपली, पण तिचा उपयोग झाला हे कबूल करायला हवं. लांबून बस ओळखता आली नाही तर माणसं गाळलेल्या थांब्यावर हात दाखवत उभी राहतात. ती राहिलीच. काही चालक सवयीने थांबायचे, काही दयेने. एकाला मी विचारलं, तर म्हणाले, 'मॅडम, म्हातारा माणूस हात करतोय, आरशात बघत पुढे कसं जायचं ते तुमच्या तक्त्यात लिहा.' याला उत्तर नव्हतं. गाळलेल्या प्रत्येक थांब्यावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली, 'जलद बस येथे थांबत नाही', आणि खाली बाण काढून पुढचा जलद थांबा किती मिनिटांवर ते लिहिलं. मिनिटं आम्ही जरा हळू चालणाऱ्याची धरली.

बस भरायला लागल्या त्या आम्ही समजलो होतो तशा नाही. टोकापासून टोकापर्यंत जाणारे आले, पण थोडे. जास्त आले ते साध्या बसने दोन-तीन थांबे येऊन मोठ्या नाक्यावर जलद बस पकडणारे. त्यामुळे दोन बसमधली बदली हा मुख्य प्रश्न झाला: समोरासमोरचे थांबे, मधला रस्ता, सावली, बाकडं. बदलीच्या नाक्यांवर हे सगळं नव्याने मोजावं लागलं. पूर्वेकडून पश्चिमेच्या कामाच्या जागांकडे जाणारी तिकिटंही दिसायला लागली. 'मागणी नाही' हे वाक्य त्यानंतर माझ्या कानावर आलेलं नाही.

संध्याकाळच्या फेऱ्या अजून दिलेल्या वेळेत बसत नाहीत. पुढच्या वेळापत्रकात त्या तुकड्याला जास्त मिनिटं द्यायची आहेत, म्हणजे आणखी एक गाडी लागणार. ती साध्या मार्गावरून काढू नये असं मी प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं आहे, आणि जोडीला गाळलेल्या थांब्यांवरचे ताजे तक्ते लावले आहेत, सकाळचे आणि संध्याकाळचे वेगवेगळे. त्याच बैठकीच्या विषयपत्रिकेत चार नव्या थांब्यांच्या मागण्या आहेत. त्यातली एक, पूर्वेच्या टोकाजवळची, हिशेबात बसते. बाकीच्या तिघांना पुन्हा तक्ता दाखवावा लागेल.